एकाच ठाण्यावरून लव्ह लाटेचा (भूकंपाची, जमीन आडवी हलवत पृष्ठभागालगत जाणारी लाट) वेग काढायचा तर

जागा आधी बघ. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात चौथरा घालू नकोस. उन्हाळ्यात भेगा पडल्या की तो कलतो आणि हा कल नोंदीत त्वरण बनून घुसतो. मुरूम काढून खडक गाठ. भूकंपमापक आणि फायबर-ऑप्टिक गायरो (जमिनीचं फिरणं मोजणारं यंत्र) एकाच चौथऱ्यावर, एकाच जीपीएस घड्याळावर.

भूकंपमापक उत्तरेला जुळवायचा, पण ती दिशा होकायंत्राने धरू नकोस, आपला बसाल्ट चुंबकीय आहे, काटा फसवतो. ओळंब्याची सर्वांत आखूड सावली धर. बेळगावात ती बाराला नव्हे, साडेबाराच्या आगेमागे पडते. मेच्या सुरुवातीला सूर्य डोक्यावर येतो, मग सावलीच उरत नाही!

गणित सोपं: लाटेच्या वाटेला काटकोनातलं त्वरण भागिले उभ्या अक्षाभोवतीच्या फिरण्याच्या दराची दुप्पट. त्वरण 8 मायक्रोमीटर प्रति सेकंद वर्ग आणि दर 1 नॅनोरेडियन प्रति सेकंद असेल, तर वेग 4 किमी प्रति सेकंद. पण इतका बारीक दर तुझ्या गायरोच्या गोंगाटात बुडेल. तो जर्मनीतल्या वेट्झेलच्या 4 मीटर बाजूच्या रिंग लेझरसारख्या (लेझरने फिरणं मोजणाऱ्या) मोठ्या यंत्रालाच दिसतो. तुला कोयनेकडचा मोठा दणकाच हवा.

दोन्ही नोंदी एकाच फिल्टरमधून काढ. दोन्हींच्या लाटांचा आकार जुळत नसेल तिथला वेग सरळ टाकून दे. फिल्टरचा कालावधी (लाटेच्या एका हेलकाव्याला लागणारा वेळ) वाढवत जा, तशी लाट अधिक खोलचं सांगते.