विश्वास बसलेला नसताना ख्रिस्ती श्रद्धा समजून घेता येते का, आणि सुरुवात कोठून करावी?

समजून घेता येते, आणि त्यासाठी आधी विश्वास असण्याची अट नाही. पुस्तके, व्याख्याने आणि श्रद्धावंतांशी बोलणे यांपैकी आधी काय, असेही आपण विचारले आहे. श्रद्धेविषयीची पुस्तके तूर्त बाजूला ठेवून शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूचे चरित्र, वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन. ही श्रद्धा येशू या एका व्यक्तीभोवती उभी आहे. ती व्यक्ती कशी बोलते, कोणाच्या पंक्तीला बसते, कशाने संतापते हे ठाऊक नसेल, तर तिच्याविषयीची मतमतांतरे वाचून गोंधळच वाढतो.

मार्कचे शुभवर्तमान घ्यावे. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, 16 अध्यायांचे असून एका बैठकीत वाचून होते. त्यातील प्रश्नांकडे लक्ष द्यावे. वादळ शमल्यावर नावेतले शिष्य भेदरून एकमेकांना विचारतात, हा आहे तरी कोण? पुढे आठव्या अध्यायात, साधारण मध्यावर, येशू त्यांनाच विचारतो की तुम्ही मला कोण म्हणता. पेत्र हा शिष्य ‘आपण ख्रिस्त (देवाचा अभिषिक्त) आहात’ असे उत्तर देतो, आणि लगेच, येशू स्वतःच्या दुःखभोगाविषयी व मरणाविषयी सांगू लागताच, त्याला बाजूला घेऊन दटावू लागतो. उत्तर अचूक, पण त्याचा अर्थ उत्तर देणाऱ्यालाच उमगलेला नाही. मार्क हे झाकत नाही, आणि याच प्रांजळपणामुळे मला त्याच्यावर विसंबावेसे वाटते.

त्यानंतर पौल या आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकाने करिंथकरांस (करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीस) लिहिलेल्या, बायबलमधीलच पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचावा. येशूला क्रुसावर दिल्यानंतर जेमतेम पंचवीसएक वर्षांत लिहिलेल्या या पत्रात, ख्रिस्त मेलेल्यांतून उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असे पौल स्वतःच म्हणतो. ज्या दाव्यावर सारे अवलंबून आहे तो इतक्या उघडपणे मांडलेला असल्याने संशयी वाचकालाही तपास कोठे करायचा हे कळते.

व्याख्यानांपैकी ख्रिस्ती लेखक सी. एस. लुइस यांनी 1941 ते 1944 या युद्धकाळात बीबीसीवरून दिलेली भाषणे, जी पुढे पुस्तकरूपाने आली, आजही उपयोगी पडतात, कारण वक्ता स्वतः कधीकाळी निरीश्वरवादी होता. त्यांच्या जोडीला ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे, आपण ख्रिस्ती का नाही हे सांगणारे 1927 मधील व्याख्यानही अवश्य वाचावे. विरोधी बाजू तिच्या समर्थकाच्या तोंडूनच ऐकलेली बरी.

बोलण्यासाठी मात्र वादपटूंपेक्षा अनेक वर्षे प्रार्थना करत आलेली माणसे शोधावीत, शक्य असल्यास कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट अशा निरनिराळ्या परंपरांतील. देवाच्या अस्तित्वाचा पुरावा मागण्याऐवजी, प्रार्थनेला उत्तर मिळाले नाही तेव्हा आपण काय केले, असे त्यांना विचारावे. या प्रश्नावर घाईने तोडगा सांगणाऱ्यापेक्षा जो थोडा वेळ गप्प राहतो आणि मग स्वतःविषयी बोलतो, त्याच्याकडून मला नेहमी अधिक कळले आहे. आपल्या शंकाही तेथे मोकळेपणाने मांडाव्यात. मार्कच्याच नवव्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा’ असे एका दमात म्हणतो, आणि येशू त्याला परत पाठवत नाही.

उपासनेला गेल्यास लगेच काही ठरवावे लागेल, ही आपली धास्ती अनाठायी आहे. मागच्या बाकावर बसून ऐकावे. प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षारस दिला जाईल तेव्हा जागेवरच बसून राहावे, कारण बहुतेक मंडळ्यांत तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असतो. त्यानंतरही कोणी निर्णयासाठी घाई करू लागले, तर मी अजून वाचतो आहे, एवढे सांगणे पुरेसे आहे.