तुमची अकरावीतली मुलगी तासन्‌तास चॅटजीपीटीशी बोलत बसते. ‘ही पोरं नेमकं करतात काय तिथे?’ असं तुम्ही विचारताय.

‘कॉपी’ हेच उत्तर ऐकायचं असेल तर माझ्या काकांना विचारा.

मी कळव्याची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंजिनीअरिंगला पहिलं वर्षभर वर्गात हात वर केला नाही. शंका मराठीत सुचायची, इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत सर पुढच्या स्लाइडवर.

दुसऱ्या वर्षी ऑपरेटिंग सिस्टिममधला प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) आणि थ्रेड (त्याच्या आत चालणारं एकेक काम) यांतला फरक रात्री एक वाजता चॅटजीपीटीला विचारला. म्हटलं, मराठीत सांग, वडापावच्या गाडीवरून सांग. दोन गाड्या म्हणजे दोन प्रोसेस, ज्याची त्याची शेगडी, ज्याची त्याची कढई. एकाच गाडीवर दोघं राबतायत ते थ्रेड. कढई एकच, दोघांनी एकदम झारा घातला की घोळ. एका वेळी एकालाच हात घालू देणारं लॉक कशाला लागतं ते तेव्हा डोक्यात शिरलं. सहा वेळा विचारलं, एकदाही “एवढं पण येत नाही?” आलं नाही.

मग असाइनमेंट मी स्वतः लिहिली, इंग्रजी तेवढं त्याच्याकडून तपासून घेतलं. सरांनी ती डिटेक्टरमध्ये, म्हणजे मजकूर एआयने लिहिलाय का ते सांगणाऱ्या वेबसाइटवर टाकली. ८२ टक्के एआय! वर सगळ्यांसमोर, “मराठी मीडियमचं इंग्रजी असं नसतं.” अकरा पानं पुन्हा हाताने लिहून दिली. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असा डिटेक्टर काढला होता. एआयने लिहिलेल्यातलं त्याला जेमतेम २६ टक्के ओळखू यायचं, आणि माणसाने लिहिलेलं ९ टक्के वेळा तो एआयचं ठरवायचा. त्याच वर्षी जुलैत गुंडाळला. आमच्या सरांच्या फुकट वेबसाइटला मात्र सगळं कळतं.

तुम्ही मोबाईल काढून घेऊ नका, शेजारी बसून काय विचारते ते बघा. हां, ते बिनधास्त थापाही मारतं. मला दिलेल्या संदर्भांतले दोन रिसर्च पेपर कुठे अस्तित्वातच नव्हते. पुढचा शब्द कुठला येईल याच्या अंदाजावर ते लिहितं, खरं-खोटं तपासायचं काम आपलं. आणि मुलगी अठराच्या आतली, म्हणजे कंपनीच्याच नियमाने पालकांची परवानगी लागते. दिलीय का तुम्ही?

काकांनी दिवाळीत सगळ्यांदेखत मला ‘चॅटजीपीटी इंजिनीअर’ म्हटलं. त्यांच्या वेळी म्हणे डोकं वापरावं लागायचं. त्यांच्या वेळी गाईडं होती, अपेक्षित प्रश्नसंच होते, डिटेक्टर कोणी लावला नाही. आणि सोसायटीच्या पार्किंगची नोटीस “जरा तुझ्या त्या एआयकडून कडक शब्दांत लिहून दे” असा व्हॉट्सअॅप मला गणपतीत कोणी केला होता, काका?