तुलूझला येण्याआधी फ्रेंच किती यायला हवं?

ताई, सहा वर्षांच्या लेकीला घेऊन तुम्ही मार्चमध्ये इकडे फ्रान्समध्ये, तुलूझला येताय. फ्रेंच किती शिकून यावं आणि लिहिलेलं एक, बोललेलं भलतंच, याचं काय करावं असं विचारलंत. व्हिसाचं सगळं वकिलातीच्या साइटवर आहे. मला जे नडलं तेवढंच सांगते.

आधी अक्षरांची फ्रेंच नावं पाठ करा. इकडे 'जे' म्हणजे इंग्रजीतला जी आणि 'जी' म्हणजे जे. मी काउंटरवर जोशीचं स्पेलिंग इंग्रजीत सांगितलं, कार्डावर गोशी छापून आलं. दुरुस्तीला सात महिने लागले. तोवर बँकेत खातं उघडेना.

शब्द कानाने तोडायला शिका. व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं. आपण 'पत्र' म्हणताना त मागे चिकटवतो, पत्-त्र. फ्रेंचमध्ये फळा म्हणजे ता-ब्लो, ताब्-लो नव्हे. 'ले' (les) आणि 'आमी' (amis, म्हणजे मित्र) एकत्र आले की ले-झा-मी, एरवी मुका असलेला एस तिथे झ होऊन बोलतो. 'कामाराद' (camarade) म्हणजे सोबती. लिहिताना त्याचे चार तुकडे पडतात, पॅरिसच्या बोलण्यात तीनच, कारण शेवटचा ई मुका. तुलूझची जुनी माणसं मात्र शेवटी हलका अ उच्चारतात.

पहिलीत (इकडे 'सेपे') मुलं तुकड्यांखाली पेन्सिलीने कमानी काढतात, टाळ्या वाजवून मोजतात. मी रोज रात्री लेकीला घेऊन बसायचे आणि म्हणायचे, लिहिलंय ते सगळं वाच. आपल्याकडे असंच शिकलो ना. मुकी अक्षरंही वाचायला लावली. ती वर्गात तोंड उघडेनाशी झाली. बाईंनी बोलावून सांगितलं, घरी मराठी बंद करा. आम्ही केली. दोन वर्षं. का ऐकलं, याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. तुम्हाला कोणी असं सांगितलं तर ऐकू नका.

एकटेपणाचं विचारलंत. पहिला हिवाळा जड जातो, मग सवय होते.

लेक आता अकराची आहे. गेल्या महिन्यात तिला देवनागरी शिकवायला घेतली. 'कमळ'ला तिने तीन टाळ्या वाजवल्या, क, म, ळ, प्रत्येकावर पुरा अ. मी म्हटलं, शेवटचा अ बोलत नाहीत गं, क-मळ, दोनच.

"कामारादसारखं?" तिने विचारलं.

हे मला ती सहा वर्षांची असताना सांगता आलं असतं.