आठ लाखांची ‘एफडी’ आणि पिवळी बस

डिचोलीहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ५६, वेर्ण्याच्या औषध कंपनीत २७ वर्षं नोकरी, ५८ ला निवृत्ती. मुलगी लग्न होऊन पुण्याला. एका खासगी शाळेची २०१२ ची बस (गोवा सरकारच्या योजनेतली बालरथ नव्हे, असं त्यांनी मुद्दाम लिहिलंय) पावणेतीन लाखांना मिळते आहे. आतली बाकडी काढून दोन बिछाने, ओटा, संडास आणि टपावर सोलर बसवायचा सहा लाखांचा अंदाज फोंड्याच्या एका गॅरेजवाल्याने दिलाय. मग नवरा-बायको हंपी, गोकर्ण, मालवण फिरणार आणि सीझनमध्ये बस पर्यटकांना देऊन ‘खर्च वसूल’ करणार. प्रश्न त्यांच्याच शब्दांत: “बँकेत दोन वर्षांपूर्वी सुरू केलेली माझी एफडी आहे. दरवर्षी चार लाख, अशी दहा वर्षं भरायची, सुरुवातीपासून वीस वर्षांनी ८० लाख, म्हणजे दुप्पट. आजवर आठ लाख भरले. त्यावर ९० टक्के कर्ज काढून बस घ्यावी, की एफडी मोडावी?” सोबत बसचे चार फोटो आणि त्या ‘एफडी’ची पावती.

काका, बसकडे नंतर येऊ. मी पावतीवरच अडलो.

तुम्ही पेनाने गोल करून ‘आठ लाख जमा’ असं लिहिलंय, त्याच्या दोन ओळी खाली छापलंय ‘प्रीमियम’. त्याखाली ‘विमाधारक’, आणि त्याखाली ‘पुढील हप्ता १४ ऑगस्ट’. मुदत ठेवीला प्रीमियम नसतो आणि विमाधारकही नसतो. बँकेच्या टेबलावर, बँकेच्या माणसाने तुम्हाला विमा पॉलिसी विकली आहे. ९० टक्के कर्ज मिळतं ते खऱ्या ठेवीवर. इथे मिळालं तरी सरेंडर मूल्याच्या (पॉलिसी मध्येच मोडली तर परत मिळणाऱ्या रकमेच्या) काही टक्के मिळेल, आणि ते मूल्य आज फारच किरकोळ आहे. म्हणजे तुमच्या प्रश्नातले दोन्ही पर्याय मुळात नाहीतच.

आधी ‘दुप्पट’ काय ते पाहू. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा वर्षं. सरासरी साडेपंधरा. साडेपंधरा वर्षांत दुप्पट, म्हणजे दुप्पटीच्या ढोबळ नियमाने बहात्तरला साडेपंधराने भागायचं: साडेचार टक्क्यांच्या जरा वर. एवढ्यासाठी चाळीस लाख अडकवायचे! खऱ्या एफडीने याहून जास्त दिलं असतं, आणि तीही हवी तेव्हा मोडता आली असती.

पण खरं दुखणं व्याजदराचं नाही. दहापैकी सहा हप्ते तुमच्या निवृत्तीनंतर येतात. ते तुम्ही भरणार कशातून?

तुम्ही दिलेले आकडे घेतो. पीएफ ३६ लाख, ग्रॅच्युइटी ८, खऱ्या ठेवी १२, एकूण ५६ लाख. घरखर्च महिना ४५ हजार. पीएफची पेन्शन जेमतेम साडेचार-पाच हजार येईल, कारण ती तुमच्या पगारावर नाही, वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेल्या मर्यादेवर मोजतात. म्हणजे घरासाठी वर्षाला पावणेपाच लाख साठ्यातून काढावे लागणार. त्यात चार लाखांचा हप्ता घाला, पावणेनऊ झाले. बसला नऊ लाख आधीच गेले, उरले ४७. सात टक्के व्याज धरून आणि महागाई शून्य धरून (म्हणजे तुमच्याशी खूपच उदार होऊन) वजाबाकी केली, तर चौसष्टाव्या वर्षी हातात तीनेक लाख उरतात. ८० लाख येणार चौऱ्याहत्तराव्या वर्षी. मधली दहा वर्षं खायचं काय?

हे विकणाऱ्याला तुमचं वय दिसत होतं, निवृत्तीची तारीखही. पगार तर त्याच्याच बँकेत जमा होतो. ‘घरचा माणूस आहे’ असं तुम्ही त्याच्याबद्दल लिहिलंय. विमा कंपनीचा पडताळणीचा फोन आला तर सगळ्याला ‘होय’ म्हणा, असं त्या घरच्या माणसाने शिकवलं आणि तुम्ही म्हणालात. ते रेकॉर्डिंग आता तुमच्याविरुद्ध वापरतील, हे धरूनच चला.

मग करायचं काय? फ्री-लूकची, म्हणजे पॉलिसी वाचून न पटल्यास परत करायची, मुदत केव्हाच संपली. पहिली गोष्ट, विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा: मुदत ठेव म्हणून विकली, निवृत्ती चार वर्षांवर असताना दहा वर्षांचे हप्ते लावले, पूर्ण आठ लाख परत हवेत. बँकेला प्रत द्या. त्या माणसाने व्हॉट्सॲपवर ‘एफडी’ असं लिहिलेलं काहीही असेल, तर ते शंभर शपथांपेक्षा मोलाचं आहे. प्रस्ताव अर्जाची प्रत मागवा आणि त्यात तुमचं उत्पन्न किती भरलंय ते बघा. बरेचदा तो रकाना त्यांनीच भरलेला असतो. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपाल. गोवा पुण्याच्या लोकपालाकडे येतो, फी नाही, वकील लागत नाही. नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं. यश नक्की येईल असं मी म्हणणार नाही. कागदावर सही तुमची आहे.

दाद लागली नाही तर? सरेंडर केलं तर भरलेल्याच्या ३०-३५ टक्के, म्हणजे अडीच लाखांच्या आसपास हाती येतील. साडेपाच लाख पाण्यात. म्हणून एकदम मोडू नका. दोन पूर्ण हप्ते भरलेत, तेव्हा ‘पेड-अप’ करता येईल का ते कंपनीकडून लेखी घ्या. पुढे काही भरायचं नाही, आणि विम्याची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होऊन मुदतीला मिळते. विम्याची मूळ रक्कम ४० लाख असेल तर दोन दशांश म्हणजे आठ लाख. आजचे अडीच अठरा वर्षांत आठ होणं म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास, आणि एक पैसाही जास्त न घालता. वाईट सौद्यातून निघायची ही त्यातल्या त्यात बरी वाट. मूळ रक्कम कमी लिहिलेली निघाली तर हिशेब बदलेल, तेव्हा आकडा हातात आल्यावरच ठरवा.

कोणी सांगेल की ‘इथून पुढचं गणित चांगलं आहे, हप्ते चालू ठेवा’. गंमत म्हणजे ते पूर्ण खोटं नाही. गेलेलं सोडून दिलं तर पुढच्या ३२ लाखांवर साधारण सहा-साडेसहा टक्के पडतात. पण निवृत्त माणसाने दरवर्षी चार लाख ओतून चौऱ्याहत्तरीची वाट बघायची, ही चैन तुम्हाला परवडत नाही.

हप्ता बंद झाला तर चित्र बरंच सुधारतं. नोकरीतल्या उरलेल्या दोन हप्त्यांचे आठ लाख वाचले, साठा ६४. निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत त्यातले ३० लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका. निवृत्त होऊन पैसे मिळालेल्याला पंचावन्ननंतरही ती उघडता येते. सध्या ८.२ टक्के, म्हणजे दर तिमाहीला साडेएकसष्ट हजार. बाकीच्यावर साडेसहा धरले, तर पेन्शन मिळवून वर्षाला सव्वापाच लाख होतात. घर आजच्या भावाने जवळपास चालतं (पंधराएक हजार कमीच पडतात), पण महागाईसाठी वर काही उरत नाही.

आणि मेडिक्लेम? कंपनीचा आहे, तो नोकरीबरोबर जाणार. तुम्हाला बीपी आहे, पत्नीला साखर. आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, म्हणून स्वतःची पॉलिसी याच वर्षी काढा. सरकारची दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना दोघांच्या कुटुंबाला अडीच लाखांपर्यंत आहे. कार्ड काढून ठेवा, पण तेवढ्यावर विसंबू नका.

आता बस. फोटो छान आहेत, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या फोटोत मागच्या चाकावरच्या पत्र्याला रंगाचे फुगे आलेत ते पाहिलेत का? तिथली रबरी चटई उचलून स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आपल्याकडची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि शाळेच्या अंगणात उघड्यावर काढलेली वर्षं, हे सगळं चॅसीवर लिहिलेलं असतं आणि वरून नुकता मारलेला पिवळा रंग ते झाकतो.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं. आरसी बुकात लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी परवानगीशिवाय करता येत नाही. खासगी कॅम्पर व्हॅन हा वर्ग नियमांत आहे, पण बस त्या वर्गात नेणं हे आरटीओचं काम, गॅरेजवाल्याचं नव्हे. त्याच्या अंदाजपत्रकात गादीचा भाव आहे, या कामाची ओळ नाही. कागद बदलले नाहीत तर दंड राहिला बाजूला, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोंच्या वर असेल तर तुमचा कारचा परवानाही चालणार नाही.

भाड्याने द्यायचं डोक्यातून काढाच. खासगी पाटीची गाडी पैसे घेऊन देता येत नाही. व्यावसायिक करायची तर परमिट, फिटनेस, विमा सगळं नव्याने. तुम्ही १२० रात्री गुणिले सहा हजार असं मांडलंय. पहिल्या वर्षी १२० रात्री भरतील हे कोणी सांगितलं? किनाऱ्यावर बस लावून उघड्यावर चूल मांडली तर २०१९ पासून त्यालाही दंड आहे.

स्वतःपुरती ठेवलीत तर नऊ लाखांचं बुडालेलं व्याज साठेक हजार, विमा, कर, दुरुस्ती मिळून पन्नासेक. वर्षाला चार सहली, वीस रात्री. रात्रीला साडेपाच हजार, डिझेल वेगळं. चोर्ला घाट चढताना ही बस लिटरला किती देईल ते तुम्हीच ठरवा. हंपीत एवढ्यात बरी खोली आणि जेवण होऊन पैसे उरतील.

बसवाल्याला दिलेले दहा हजार टोकन मागून बघा, नाही मिळाले तर सोडून द्या. पत्नीला फिरायचंच आहे, तर यंदा चवथीनंतर भाड्याच्या कॅराव्हॅनने आठवडाभर जाऊन या. चौथ्या रात्री पाण्याची टाकी भरायला आणि संडास रिकामा करायला कोण उतरतं तेवढं बघून ठेवा.

त्याआधी १४ ऑगस्टचा हप्ता. तो खात्यातून आपोआप कापला जातो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तुम्ही काहीच केलं नाहीत तरी आणखी चार लाख जातील. ऑटो-डेबिट थांबवायचा अर्ज जुलैतच शाखेत द्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर शिक्का-सही घेऊनच बाहेर पडा. तारखेनंतर महिनाभराची सवलत असते, तेवढ्यात कंपनीकडून पेड-अपचा आकडा काढून घ्या. तो ‘घरचा माणूस’ चहा मागवेल. चहा प्या, पण अर्ज परत घेऊ नका.