उत्तरेच्या खोलीला मोतिया की राखाडी?

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या जुन्या कौलारू घराला लागून आम्ही नवी खोली बांधली आहे. तिला उत्तरेकडे एकच खिडकी असून समोर फणसाचे झाड आहे. जमीन लाल ऑक्साइडची आहे. भिंतींसाठी सासूबाईंना मोतिया रंग हवा आहे, तर मुलाला फिकट राखाडी. कोणता निवडावा?
– एक वाचक भगिनी

उत्तर : या खोलीपुरता मी सासूबाईंच्या बाजूने आहे. मोतियात पिवळसर झाक असते आणि फिकट राखाडीत बहुतेक वेळा निळसर. शेड कार्डावरच्या चिमुकल्या चौकोनात ती जाणवत नाही, पण चारही भिंती रंगल्या की उठून दिसते. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातील बराच काळ थेट ऊन न येता आकाशाचा निळसर उजेडच आत येतो. सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो तो मे ते ऑगस्टच्या सुमारास, आणि खानापुरात त्यातले बरेच दिवस पावसाचे असतात. बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या घरी अशाच खोलीला मी हौसेने राखाडी दिला होता. जुलैच्या भर दुपारी ती भिंत ओल्या पाटीसारखी दिसे. तुमच्याकडे तर फणसाच्या पानांची हिरवी छायाही तिच्यावर पडेल.

मात्र मोतिया फार पिवळा घेऊ नये, कारण लाल जमिनीवरून उसळलेल्या उजेडाने भिंतीचा खालचा भाग नारिंगी वाटू लागतो. दुकानात छटेचा ‘एलआरव्ही’, म्हणजे रंग किती प्रकाश परत फेकतो त्याचा आकडा, विचारावा. 0 म्हणजे काळा आणि 100 म्हणजे शुभ्र. इथे 70 च्या वरची छटा बरी. दिवाही आधीच ठरवावा, कारण 6500 केल्विनच्या पांढऱ्या बल्बखाली आणि 3000 केल्विनच्या पिवळसर बल्बखाली एकच रंग निराळा दिसतो.

प्रायमर दिलेल्या दोन फुटी पुठ्ठ्यांवर दोन्ही रंगांचे दोन-दोन हात द्यावेत आणि ते सकाळी, दुपारी व दिव्याखाली पाहावेत. खिडकीच्याच भिंतीवर ते अवश्य टेकवून पाहावेत, कारण तीच भिंत सर्वांत अंधारी असते. गिलावा पुरता वाळल्याशिवाय रंगाऱ्याला बोलावू नये. ओलाव्यावर रंगाचे पापुद्रे सुटतात.

जुन्या घराचा सोपा पश्चिमेकडे असेल, तर मुलाचा राखाडी तिथे द्यावा. दुपारनंतरच्या पिवळ्या उन्हात त्याची निळी झाक निवळते आणि भिंत डोळ्यांना निवांत वाटते.