वाचकांचे प्रश्न : होडीवरचा सण, तोही भर पावसात?

प्रश्न : आम्ही नाशिकरोडचे. २९ जूनला गोव्यात सांगोड, म्हणजे जोडलेल्या होड्यांवरची मिरवणूक, बघायला जायचा विचार आहे. ऐन पावसाळ्यात समुद्रात मिरवणूक कशी काढतात?

उत्तर : समुद्रात नाहीच काढत. २९ जून हा संत पीटरचा सण. पीटर स्वतः मच्छीमार, म्हणून कोळ्यांचा लाडका. पण १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, दर्याही खवळलेला. त्यामुळे सांगोड नदी-खाडीत निघतो. कांदोळीचा प्रसिद्ध आहे.

दोन होड्या शेजारी-शेजारी ठेवून वर आडव्या फळ्या घट्ट बांधल्या की सांगोड तयार. त्यावर झावळ्या-फुलांची सजावट आणि वाजंत्री. एकटी होडी डुलते; जोडीचा पाया रुंद, म्हणून सहजासहजी उलटत नाही. तरी सगळे एकाच कडेला फोटोला धावले की ती बाजू दबते. सजावट फार उंच केली तर वारा धरते. गंगापूर धरणातलं बोटिंग समजू नका, इथं भरती-ओहोटी आहे. ओहोटीत उथळ जागी होडी चिखलात बसते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा गेल्या वर्षीच्या वेळेवर विसंबू नका. गावात विचारूनच निघा. आणि छत्रीपेक्षा रेनकोट बरा.