फिनिक्सला यावं का, घर घ्यावं का? चँडलरहून उत्तर

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, उत्तर फिनिक्समधल्या टीएसएमसीच्या चिप कारखान्यात नोकरी मिळतेय, बायको आणि चार वर्षांची मुलगी बरोबर येणार, आई येऊन-जाऊन राहणार. आणि विचारलंय, "वाळवंटातलं शहर आहे. वीस वर्षांनी तिथे पाणी असेल का? घर घ्यावं की भाड्यानेच राहावं?"

मी लातूरची. अकरा वर्षं फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरमध्ये राहते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली तेव्हा मी इथे होते. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले ते आई रोज फोनवर सांगायची आणि मी इथे चोवीस तास पाणी असलेल्या नळापाशी उभी राहून ऐकायचे. त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी आतून कळतो.

आधी पाणी. वर्षाकाठी जेमतेम १८० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे शहर बाहेरच्या पाण्यावरच जगतं. एक पाणी सॉल्ट आणि व्हर्डे नद्यांचं. १९०३ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी तारण ठेवून सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट ही धरण-कालव्यांची योजना उभी केली आणि १९११ मध्ये रूझवेल्ट धरण पूर्ण झालं. दुसरं कोलोरॅडो नदीचं. ते लेक हवासूहून उपसून, सुमारे ५४० किलोमीटर कालव्याने वाळवंटातून चढवत आणतात. तिसरं जमिनीखालचं.

काळजी आहे ती कोलोरॅडोच्या पाण्याची. हा कालवा मंजूर करून घेताना ॲरिझोनाने १९६८ च्या कायद्यात एक अट मान्य केली: टंचाई आली तर आधी या कालव्याचं पाणी तुटेल, कॅलिफोर्नियाचं नंतर. ती अट आता अंगावर आलीय. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कोलोरॅडोवरच्या लेक मीड या जलाशयासाठी पहिल्यांदा टंचाई जाहीर केली आणि २०२२ मध्ये ॲरिझोनाचा कोलोरॅडोतला सुमारे १८ टक्के वाटा कापला गेला. पहिला फटका बसला तो शेजारच्या पिनाल काउंटीतल्या (काउंटी म्हणजे जिल्हा) शेतकऱ्यांना, शहराला नाही. नदीवाटपाचे २००७ चे नियम २०२६ अखेर संपतात. पुढे कोणी किती पाणी सोडायचं यावर सात राज्यांची ओढाताण चाललीय. कृष्णेच्या लवादाच्या बातम्या वाचत मोठं झालेल्या माणसाला हे भांडण समजावून सांगावं लागत नाही.

तरी सगळं खोरं एकाच दिवशी कोरडं पडेल, असं नाही. राज्यातलं ७० टक्क्यांहून जास्त पाणी शेतीला जातं, त्यामुळे शहराला वाकायला अजून जागा आहे. खरा प्रश्न तुमचं घर कोणत्या पाण्यावर आहे, हा. तुमचा कारखाना ज्या भागात आहे तो उत्तर फिनिक्स सॉल्ट रिव्हरच्या जुन्या लाभक्षेत्राबाहेर, म्हणून मुख्यतः कोलोरॅडोवर. महापालिकेने हे ओळखून दुष्काळासाठी वेगळी जलवाहिनी टाकली आणि २०२३ मध्ये ती पुरी झाली. त्यातून सॉल्ट-व्हर्डेचं पाणी उत्तरेला नेता येतं. याचा मला मोठा धीर वाटतो.

धीर वाटत नाही तो शहराच्या कडेला उठणाऱ्या वसाहतींचा. १९८० चा भूजल कायदा आणि त्याखालचे नियम म्हणतात, नवी वसाहत बांधायची तर शंभर वर्षांचं पाणी दाखवा. २०२३ च्या जूनमध्ये राज्याने जाहीर केलं की निव्वळ भूजलाच्या जोरावर फिनिक्स परिसरात नव्या वसाहतींना यापुढे तसा दाखला मिळणार नाही. बकआय आणि क्वीन क्रीक या कडेच्या गावांना त्याची झळ बसली. आणि स्कॉट्सडेलच्या वेशीबाहेरचं रिओ व्हर्डे फूटहिल्स तर डोळ्यांपुढे ठेवाच. तिथली बरीच घरं टँकरवर होती. १ जानेवारी २०२३ ला स्कॉट्सडेलने ते पाणी बंद केलं. मोठमोठ्या बंगल्यांतली माणसं पावसाचं पाणी बादल्यांत धरत होती. ती बातमी पाहून मी गप्प बसून राहिले. एजंट तुम्हाला स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा दाखवेल. तुम्ही विचारा, पाणी कोणत्या महापालिकेचं आणि तिच्याकडे कोणत्या नदीचं?

पण खरं सांगू? इथली माणसं भविष्याबद्दल बोलतात तेव्हा पाण्याआधी उन्हाचं बोलतात. तुम्ही म्हणाल ४३ अंश आम्ही सोलापूरला पाहिलेत. मीही लातूरला पाहिलेत. पण लातूरला मे सरतो, वळीव पडतो, रात्री गच्चीवर झोपता येतं. इथे २०२३ मध्ये सलग ३१ दिवस दिवसाचं कमाल तापमान ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ च्या खाली आलंच नाही. १९ जुलैला किमान तापमान होतं ३६ अंश. पहाटेचं! डांबर आणि काँक्रीट दिवसभर प्यायलेली आग रात्रभर सोडतं. त्या उन्हाळ्यात साग्वारो निवडुंगसुद्धा कोसळले. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्सच्या जिल्ह्यात, उष्णतेने ६४५ माणसं गेली, पुढच्या वर्षी ६०८. त्यात बेघर खूप होते, आणि घरात गेलेल्या बहुतेकांचा एसी बंद पडलेला होता किंवा नव्हताच.

त्याच जुलैत आमचा एसी बंद पडला. दुरुस्तीवाला दोन दिवसांनी येतो म्हणाला. तीन तासांत घर ३५ च्या पुढे गेलं. आम्ही मुलांना घेऊन मैत्रिणीकडे गेलो. ज्याला जायला घर नाही त्याचं काय होत असेल, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. म्हणून घर पाहाल तेव्हा एसी किती वर्षांचा आहे ते विचाराच, आणि तो बदलायचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा.

आशाही आहे, आणि ती मला पाटाच्या पाण्यात दिसते. इथल्या प्राचीन होहोकाम लोकांनी हजार वर्षांपूर्वी इथे हाताने पाट खणले. आजचे काही कालवे त्याच रेषांवरून जातात. आर्केडियासारख्या जुन्या वस्त्यांत आजही पाण्याची पाळी असते. पाळी रात्री दोनला आली तर माणसं दोनला उठून झडप उघडतात आणि अंगणातल्या संत्र्या-मोसंब्यांना वाफे भरून पाणी देतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाबा विजेरी घेऊन दारं धरायला जायचे ते आठवलं. त्या गल्लीत शिरलं की उकाडा कमी झालेला अंगाला कळतो. दक्षिण फिनिक्सच्या गरीब वस्त्यांत तशी सावली नाही, आणि इथल्या लोकांचा खरा राग त्यावर आहे. २०२१ मध्ये महापालिकेने फक्त उष्णतेसाठी वेगळं कार्यालय उघडलं, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सावलीचा आराखडा मंजूर केला. झाडं कुठे आणि किती लावतात, ती जगवतात का, यावर आम्ही डोळा ठेवून आहोत. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्यात आणायची तयारीही चाललीय. माझ्या काही शेजाऱ्यांना ते ऐकूनच कसंसं होतं, पण मला त्यातच या शहराचं आयुष्य दिसतं.

कारखान्यांबद्दल मत दुभंगलेलं आहे. तुमच्या कंपनीने २०२० मध्ये १२ अब्ज डॉलरची घोषणा केली होती, २०२५ मध्ये आकडा १६५ अब्जांवर गेला. पोरांना इथेच काम मिळेल म्हणून लोक खूश आहेत. घरभाडी वाढली म्हणून त्यातलेच काही नाराज आहेत. दोन्ही खरं आहे.

तर माझं म्हणणं: या, पण पहिलं वर्ष भाड्याने राहा. एक पूर्ण जुलै काढल्याशिवाय घरावर सही करू नका. आईंना ऑक्टोबरच्या शेवटी बोलवा आणि एप्रिलमध्ये परत पाठवा. हिवाळा इतका सुंदर असतो की त्यांचं मन रमेल. त्यांना दमा असेल तर धुळीतल्या बुरशीने होणाऱ्या व्हॅली फीव्हरबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला. मुलीची शाळा बघताना मैदानावर छत आहे का ते पाहा. घसरगुंडीला आधी स्वतः हात लावून बघायचा, मग तिला बसवायचं. उन्हाळ्यात अनवाणी अंगणात पाऊल नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवा.

भागांची यादी तयार झाली की इथेच पाठवा. कोणत्या भागात कोणतं पाणी येतं ते मी एकेक करून सांगेन.